परदेशात गांजाची जत्रा, आपल्याकडे १० वर्षांची कैद. शेतकऱ्यांसाठी कायदा काय सांगतो?

ऑस्ट्रेलियातील निंबिन या ग्रामीण भागातील छोट्या गावात १९९३ पासून मे महिन्यात 'मार्डीग्रास' हा गांजाचा उत्सव भरतो. गांजावरील बंदी उठवावी, ही त्यामागची मागणी. असे व्हिडिओ मोबाईलवर पाहिले की वरकुटे, इंदापूर, बारामतीच्या शिवारातही 'हे पीक आपल्याकडे का नको?' असा प्रश्न पडू शकतो.

ही मागणी झाली आहे का?
होय. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याच पिकाला खात्रीचा भाव मिळत नाही, हे त्याचे कारण होते. पोलिसांनी याला प्रसिद्धीचा प्रकार म्हटले.

विनापरवाना लागवड केल्यास?
अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस), १९८५ नुसार १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. उसाच्या फडात आंतरपीक म्हणून लावला, तरी सुटका नाही.

जमीन वाट्याने दिली असेल तर?
आपल्या रानात अशी लागवड असल्याचे कळताच जमीनधारकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. माहिती असूनही गप्प राहिल्यास मालकही अडचणीत येतो.

मग भांग कशी चालते?
या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्यात येत नाहीत. मात्र महाराष्ट्रात भांगेवर १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे.

बियांचे तेल दुकानात मिळते, ते कसे?
अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्य म्हणून मान्यता दिली. ही मान्यता विक्रीची आहे, लागवडीची नाही.

कायदेशीर मार्ग आहे का?
धागा आणि बियांसाठी सरकार विशेष आदेशाने लागवडीला परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये देशातील पहिला असा परवाना दिला. तेथे नशा आणणाऱ्या टीएचसी घटकाची मर्यादा ०.३ टक्के आहे. वाणाने ती ओलांडली, तर पीक बेकायदा ठरू शकते.

शेतकऱ्यांनी काय पाहावे?
बियाणे देऊन 'माल आम्हीच उचलू' असा करार कोणी पुढे केला, तर आधी आपल्या गट क्रमांकासाठीचा सरकारी परवाना मागावा. कंपनीचे पत्र म्हणजे परवाना नव्हे.