स्वेटरपलीकडचे प्रश्न

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की घरोघरी मुलामुलींचे हिमालयाचे बेत शिजू लागतात. उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला आता आपल्या लहान गावांतूनही मुली जातात. मला त्याचं कौतुकच आहे. पण निघताना आपण विचारतो काय? ‘स्वेटर घेतलास ना? पोचल्यावर फोन कर हं!’ बर्फाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर बर्फाचा लोंढा आला. ५४ जण अडकले, ४६ वाचले, आठ गेले. चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेनं आदल्या संध्याकाळीच चमोलीसह वरच्या जिल्ह्यांना हिमस्खलनाचा इशारा दिला होता. इशारा होता आणि माणसंही तिथेच होती. मजूर बिचारे कामासाठी थांबलेले. आपली मुलं मात्र हौसेनं जातात, त्यांना थांबण्याची मोकळीक असते.

हिमस्खलन होतं कसं? ताटात जाड साखर पसरा, वर बर्फीचा अख्खा थर ठेवा आणि ताट तिरकं करा. थर एकदम घसरतो ना? डोंगरावरही तसंच. जुन्या भुसभुशीत बर्फावर नवा जड थर बसतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर चालणाऱ्याच्या वजनानंही तो सुटतो. म्हणून मोठ्या हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस फार धोक्याचे. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि पायाखाली घात!

सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले म्हणून बर्फ कळतो असं नाही. अनुभवी माणसांनाही तो दगा देतो. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीजवळ ‘द्रौपदी का डांडा’वर गिर्यारोहण शिकणाऱ्यांच्या तुकडीतले २९ जण गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेली, खेड्यातली मुलगी!

बर्फाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते, पुढे ती भराभर घटते. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही. वाचवतात ते सोबतीच, आणि तेही जवळ बीकन, टोचून शोधायची लांब काठी आणि फावडं असेल तरच.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा. हिमस्खलनाचा इशारा रोज कोण बघतं? वाट तीव्र उताराखालून जाते का? ही साधनं कुणाकुणाजवळ असतील, ती वापरता येतात का? आणि मुख्य म्हणजे, परत फिरायचं कोण ठरवतं, तसं ठरलं तर पैशांचं काय? शेवटच्या प्रश्नावर उत्तर टाळलं गेलं, तर समजा की तिथे शिखर आधी, माणूस नंतर.

मुलीला अडवू नका. पण माघारी आलीस तर कुणी हसणार नाही, एवढं तिला निघतानाच सांगा. हे सांगायला घरचंच माणूस लागतं.