पगार म्हणजे बलुते नव्हे

एका विद्यापीठातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले एक बाबा आमच्याकडे आले होते. बत्तीस वर्षांची नोकरी. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, साहेबांचे गोड भाषण मिळाले. मिळाले नाही ते उपदान, रजा रोखीकरणाची रक्कम आणि निवृत्तिवेतन. ज्या दारावर त्यांनी साहेबांच्या घंटीला ओ दिली, त्याच दाराबाहेरच्या बाकावर ते दीड वर्ष बसून होते. आम्हाला म्हणाले, "वकीलसाहेब, पैसे राहू द्या, माझी फाईल कुठं हाय एवढं तरी कळंल का?"

हा प्रश्न ऐकून आम्हाला महार वतन आठवले. आजच्या तरुण पिढीला वतन हा शब्द जमिनीच्या सातबाऱ्यापुरताच माहीत आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार हा सरकारचा चाकर होता. रात्री-अपरात्री टपाल पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, सारा वसुलीला लोकांना बोलवायचे. काम सरकारचे, मोबदला मात्र तुटपुंजी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. खळ्यावर उभे राहून, वाकून, मिळेल ते घ्यायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाचे विधेयक आणले, त्यामागचा मुद्दा सरळ होता. काम सरकारचे असेल तर वेतन सरकारने द्यावे, ठरलेले द्यावे, आणि ते कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसावे. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले.

आमचे म्हणणे असे की, बत्तीस वर्षे राबलेल्या माणसाला स्वतःच्या पैशासाठी बाकावर बसावे लागते तेव्हा खळे परत आलेले असते. बलुत्याच्या पेंढीच्या जागी फाईल आली, एवढाच फरक.

ही फाईल फिरते कशी ते पाहा. आधी विद्यापीठाचा आस्थापना विभाग, मग लेखा विभाग, मग उच्च शिक्षण विभागाचे विभागीय सहसंचालक, मग वेतननिश्चितीची पडताळणी, शेवटी महालेखापाल. प्रत्येक टेबलावर एक नवी त्रुटी निघते. १९९० च्या दशकातली वेतनवाढ चुकीची होती, हे निवृत्तीच्या आदल्या महिन्यात कळते! त्या बाबांच्या फायलीत दोन शेरे होते. एक 'अतिप्रदान रक्कम वसूल करावी' आणि दुसरा 'जात वैधता प्रमाणपत्र सादर करावे'. दुसऱ्या शेऱ्याने आमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जात पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ पासून लागू आहे. पडताळणीसाठी समितीकडे अर्ज करण्याची जबाबदारी त्या कायद्याने नेमणूक करणाऱ्या कार्यालयावरही टाकली आहे. वीस वर्षे कार्यालय झोपले आणि दंड कोणाला? बौद्ध शिपायाला.

अतिप्रदानाचा तर स्वतंत्र अध्याय आहे. डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने विद्यापीठे व महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या आश्वासित प्रगती योजनेचे आधीचे निर्णय रद्द केले. वित्त विभागाची संमती नव्हती, हे कारण. म्हणजे शासनाच्या दोन विभागांनी एकमेकांना विचारले नाही आणि भोवले कारकुनाला आणि शिपायाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरचे शिक्षकेतर कर्मचारी संपावर गेले, तेव्हा हे निर्णय पूर्ववत करा ही त्यांची मागणी होती. दुसरी मागणी सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची. १ जानेवारी २०१६ ते ३१ ऑक्टोबर २०२०, तब्बल ५८ महिन्यांचा फरक! परीक्षा खोळंबल्या तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना ही माणसे दिसली, तीही 'विद्यार्थ्यांना वेठीस धरणारे' म्हणून.

कायदा काय म्हणतो? १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तिवेतन ही बक्षिसी नाही, हक्क आहे. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. डिसेंबर १९८४ मध्ये केरळच्या पद्मनाभन नायर प्रकरणात दिरंगाईबद्दल बाजारभावाने व्याज द्यावे लागेल असे ठरले. २०१३ मध्ये झारखंडच्या जितेंद्रकुमार श्रीवास्तव प्रकरणात निवृत्तिवेतन व उपदान ही घटनेच्या ३००-अ कलमाखालची मालमत्ता आहे, नुसत्या प्रशासकीय सूचनेने ती अडवता येत नाही, असा निकाल आला. वसुलीबाबत १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल आहे: तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, यांच्याकडून चुकून दिलेली जादा रक्कम वसूल करता येत नाही. म्हणून तर हल्ली कार्यालये वेतननिश्चितीच्या वेळीच 'जादा रक्कम परत करीन' असे हमीपत्र लिहून घेतात. न वाचता सही करू नका, एवढे आम्ही घसा फोडून सांगतो.

आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब? बिहारमधल्या सरकारी उपक्रमांतील कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे पगार नव्हता, उपासमारीने माणसे मेल्याचे समोर आले. ज्येष्ठ वकील कपिला हिंगोरानी ते प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००३ मध्ये न्यायालयाने आर्थिक अडचणीची सबब मानली नाही आणि बिहार शासनाला ५० कोटी रुपये उच्च न्यायालयात भरायला लावले. आंध्र प्रदेशने कोरोनाकाळात पगार व निवृत्तिवेतन लांबवले, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा टक्के व्याज द्यावे लागले.

निकालांची ही चळत असूनही बाबा बाकावरच. कारण निकाल टेबलापर्यंत पोचत नाही, आणि इथे आम्हाला स्वतःच्या घरात बोट दाखवावे लागते. त्या पाच टेबलांपैकी एखाद्या टेबलावर आपलाच माणूस असतो. १४ एप्रिलला निळा फेटा बांधणारा, वर्गणीत पुढे असणारा. फाईल मात्र तोही पुढे सरकवत नाही. आमच्या संघटना बिंदुनामावली आणि पदोन्नतीतील आरक्षण यांवर लढतात, लढलेच पाहिजे. पण आरक्षणाने मिळालेल्या नोकरीचा शेवटचा पैसा हातात पडेपर्यंत आरक्षणाचे काम पुरे होत नाही, हे आम्ही कधी ठरावात लिहिले? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे रक्त सांडणारा हा समाज आहे. त्या लढ्यानंतर विद्यापीठांच्या आवारात आपली माणसे झाडू, घंटी आणि टंकयंत्राच्या कामावर मोठ्या संख्येने आली. कंत्राटदाराच्या हाताखाली राबणाऱ्या सफाई कामगाराला तर निवृत्ती हा शब्दच नाही. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू.

मग करायचे काय? निवृत्तीला दोन वर्षे असतानाच सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत मागा, जात वैधतेची नोंद बघा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तोंडी आश्वासनाला न्यायालयात किंमत नाही. फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस होती ते दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने कळते. २००५ च्या दप्तर दिरंगाईच्या राज्य कायद्याप्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याने कोणतीही फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये. सहसंचालक कार्यालयाला हा कायदा दाखवा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची, नाहीतर व्याजासह, हे १९७२ च्या कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही १२९-अ आणि १२९-ब हे विलंबाच्या व्याजाचे नियम आहेत. व्याज मागायला लाजू नका. अर्जात ते पहिल्याच ओळीत लिहा.

आमच्या त्या बाबांना माहितीच्या अर्जाला उत्तर आले, तेव्हा कळले की त्यांची फाईल सात महिने एकाच कपाटात होती. आमची नोटीस गेल्यावर चार महिन्यांत पैसे जमा झाले, व्याज सोडून. "आता जाऊ द्या, वकीलसाहेब," असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, "बाबा, ते व्याज तुमचंच आहे." वकीलपत्रावर त्यांनी सही केली आहे. व्याजाची याचिका दाखल झाली आहे.