नाव आणि निक्षेप



गेल्या महिन्याची २० तारीख. जीएसटीआर-३बी भरण्याचा अखेरचा दिवस, आणि नेमके त्याच दुपारी पुतण्याच्या पेढीतील हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडेना. त्याने घाईघाईने गुगलवर त्याचे नाव व पुढे ‘उघडत नाही’ एवढेच लिहिले. ते नाव म्हणजे रोजच्या बोलण्यातील शब्द. त्यामुळे उत्तरे भलतीच आली. त्यांतच ‘मदत केंद्रा’चा एक मोबाइल क्रमांक होता. तो लावण्यापूर्वी त्याने मला विचारले, हे सुदैव. परवान्याच्या बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहिले. तो जुळला नाही.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य व भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. एखाद्याचे नाव इंद्र ठेवले, म्हणून तो देवलोकाचा स्वामी होत नाही. तो केवळ नामनिक्षेपाने इंद्र. टॅली, बिझी, मार्ग, व्यापार ही सॉफ्टवेअरची नावे अशीच आहेत. ‘मार्ग बंद’ असे लिहिले तर शोधयंत्राने रस्त्याची बातमी दाखवली, यात त्याचा दोष काय? कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे आपणच सांगितले पाहिजे.

त्यासाठी नावासोबत ‘अकाउंटिंग सॉफ्टवेअर’ हे शब्द व आवृत्ती लिहावी. पडद्यावर उमटलेला त्रुटीचा संदेश जसाच्या तसा दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा. नको असलेल्या शब्दाला लागून आधी वजाचे चिन्ह टाकावे. सर्वांत उत्तम म्हणजे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील मदत विभागातच शोधावे. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हिशेबाची प्रत वेगळी काढून ठेवावी. पुतण्याने याच रीतीने शोध घेतला आणि दिवेलागणीपूर्वी विवरणपत्र भरले गेले.

दूरध्वनी क्रमांक मात्र शोधातून कधीही उचलू नये. तो बिलावरून किंवा परवान्याच्या कागदावरूनच घ्यावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲप उतरवून घेणे म्हणजे तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देणे होय. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे.

अनोळखी हुंडी आपले पूर्वज सही पडताळल्यावाचून स्वीकारत नसत. पडद्यावरील नावालाही तोच नियम लावावा.