पथ्याला सुट्टी द्या, पण हिशेबाने

चौदा एप्रिल झाला की पुढचे आठ-दहा दिवस शुगर-बीपी तपासायला वस्तीतली माणसे फिरकत नाहीत. बुद्धपौर्णिमेनंतर तेच आणि लग्नसराईतही तेच. पूर्णाकाठच्या केदारखेड्यात आणि भोकरदन तालुक्यातल्या आसपासच्या गावांत घरोघर फिरताना आम्ही हे दरवर्षी पाहतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "ताई, दोन लाडू खाल्लेत. आता तुम्ही बोलणार." म्हणजे माणूस लाडवाला घाबरत नाही, आमच्या बोलण्याला घाबरतो. मग तपासणी टळते, संपलेल्या गोळ्या आणणे टळते, पायाला झालेली जखम दाखवणेही टळते. लाडवाने केले नसते एवढे नुकसान या लपवाछपवीने होते.

म्हणून यावेळी आम्ही आरोग्याच्या पानावर एक गोष्ट ठामपणे मांडतो आहोत. पथ्यात सुट्टी असली पाहिजे. ती आधी ठरवलेली असावी, मोजलेली असावी आणि घरातल्या सगळ्यांसमोर घेतलेली असावी. जे पथ्य आयुष्यभर पाळायचे आहे, त्यात सणाच्या ताटाला जागाच नसेल तर ते पथ्य दोन महिन्यांच्या पुढे टिकत नाही.

हा प्रश्न आता चार-दोन घरांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार, असे आपल्याकडे अजून म्हटले जाते. ते खरे नाही. ज्यांची जयंती आपण गोड वाटून साजरी करतो, त्या बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ साली त्यांच्याशी विवाह झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांच्या पथ्यपाण्याकडे त्या लक्ष देत. तेव्हा या आजाराची लाज बाळगण्याचे कारण नाही. लपवण्याचे तर मुळीच नाही.

आता हिशेबाकडे येऊ. कॅलरी म्हणजे अन्नातून शरीराला मिळणारी शक्ती मोजायचे माप. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. साधारण ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० कॅलरींची असते. मोठ्या लिंबाएवढा बुंदीचा लाडूही जवळपास तेवढाच. तळलेली एक पुरी साधारण १०० कॅलरींची. एक चमचा तेल ४५ कॅलरींचे.

आणि चहा? एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे १० ग्रॅम. दिवसाला पाच कप झाले की ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, कामावरून आले की चहा आणि भूक मारायलाही चहाच. थोडक्यात, रोजच्या चहातून एक लाडू पोटात जातो, वर्षाचे ३६५ दिवस. महिन्याला होते दीड किलो साखर, एका माणसाची. जयंतीला खाल्लेल्या दोन लाडवांचा मात्र घरभर गवगवा होतो.

रक्ताची एचबीए१सी नावाची तपासणी असते. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सरासरीने सांगते. तिथे सणाच्या एका दिवसाचा वाटा अगदी थोडा असतो. मोठा वाटा रोजच्या चहाचा, रोजच्या ताटभर भाताचा आणि चुकवलेल्या गोळ्यांचा. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून कागद सुधारत नाही, आणि एका लाडवाने तो फाटतही नाही.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. डॉक्टरांनी "वजन कमी करा" म्हटले की भात बंद, गोड बंद, एक वेळचे जेवणच बंद. पंधरा दिवस निभते. मग एखाद्या लग्नात हात सुटतो आणि माणूस म्हणतो, "मोडलंच आता, तर पोटभर खाऊ." यात मनाचा कमकुवतपणा शोधू नये, शरीराचा स्वभावच तसा आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. ते तरुण रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, चिडचिडे झाले आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काहींना खाणे आवरेना. फार दाबलेली भूक अशी उसळते. त्यापेक्षा भुकेशी थोडे समजुतीने वागणे बरे.

आपल्या परंपरेत याचे छान उदाहरण आहे. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा येते. राजा भांडेभर भात खायचा आणि धापा टाकत तथागतांकडे यायचा. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही, रागावलेही नाहीत. जेवताना भान ठेवावे आणि मात्रा जाणावी, एवढाच उपदेश केला. सुदस्सन नावाच्या तरुणाने तो पाठ केला आणि जेवणाच्या वेळी राजाला त्याची आठवण करून देऊ लागला. राजाचा भात हळूहळू कमी होत एका लहान मापावर आला आणि शरीर हलके झाले. यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. बदल एका दिवसात झाला नाही, आणि जेवताना राजाच्या शेजारी आठवण देणारे माणूस होते, टोमणे मारणारे नव्हते. मत्तञ्ञुता म्हणजे जेवणाची मात्रा जाणणे. त्यात खाणेही आले आणि थांबणेही आले.

आहाराचे छापील तक्ते आमच्या हातात येतात तेव्हा त्यांत ओट्स असतात, सफरचंद असते, ऑलिव्हचे तेल असते. आमच्या घरात काय असते? अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी बाजारातून विकत घ्यावी लागते. म्हणून भाकरीच्या जागी पोळी आणि भात आला आहे. मधुमेहाच्या माणसाला "भात सोडा" सांगणे सोपे आहे, पण डब्यात तांदूळच असेल तर काय करायचे, हेही सांगितले पाहिजे. आमचे सांगणे असे: भात वाटीने मोजून घ्या. त्याच्यासोबत घट्ट वरण, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ आणि एखादी पालेभाजी घ्या. डाळ आणि भाजी आधी खा, भात शेवटी. नुसत्या भातापेक्षा अशा जेवणाने साखर सावकाश चढते.

आता सुट्टी कशी घ्यायची ते पाहू.

पहिले, सुट्टी पदार्थाची घ्या, अख्ख्या दिवसाची नको. "आज जयंती, आज सगळं चालतं" असे म्हटले की पुरी, मसालेभात, बुंदी आणि वर थंड पेयाची बाटली असे चारही पोटात जातात. त्या लहान बाटलीतच साधारण पाच चमचे साखर असते. चारातला एक पदार्थ निवडा. बुंदी आवडते तर बुंदी घ्या, पेय सोडा.

दुसरे, बदली करा. लाडू हवा असेल तर त्या जेवणात एक भाकरी किंवा तेवढ्याच मापाचा भात कमी करा. खीर खायची तर एक वाटी, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. जेवण झाल्यावर गोड खा, रिकाम्या पोटी नको. नंतर जयंतीच्या मिरवणुकीत चाला. पंधरा-वीस मिनिटांचे चालणेही साखर उतरवायला मदत करते.

तिसरे, आठवड्याचा हिशेब ठेवा. समजा डॉक्टरांनी वजनासाठी दिवसाला १५०० कॅलरी सांगितल्या आहेत. सहा दिवस रोज ५० कॅलरी वाचवल्या, म्हणजे चहातली अडीच चमचे साखर कमी केली, तर सातव्या दिवसासाठी ३०० कॅलरी शिल्लक राहतात. त्यात एक लाडू आणि एक पुरी आरामात बसते. बचत गटात आपण हेच करतो, थोडे थोडे बाजूला टाकतो आणि गरजेला काढतो.

चौथे, दुसऱ्या दिवशी शिक्षा नको. उपाशी राहू नका, नेहमीचे जेवण सुरू करा. गोळी चुकवू नका आणि मनाने वाढवूही नका.

बीपीच्या माणसांनी गोडाबरोबर मिठाचाही हिशेब धरावा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचाभर, आणि त्यात भाजीतलेही आले. पापड, लोणचे आणि ठेचा एकाच ताटात आले तर ते माप तिथेच भरत येते. मटणाचा बेत असेल तर फोडी खा, तवंगाचा रस्सा वाटीवर वाटी ओतून घेऊ नका आणि त्या दिवशी लोणच्याला हात लावू नका.

काही ठिकाणी मात्र सुट्टी नाही. दारू या हिशेबात येत नाही. पाचवे शील बाजूला ठेवून नुसत्या औषधाच्या अंगाने पाहिले तरी, शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर दारूमुळे धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. मिसरी आणि तंबाखूचेही तसेच, त्यांना "कधीतरी" नसते. मूत्रपिंडाचा आजार असलेले, हृदयविकाराचे आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या भगिनी यांनी सुट्टी आमच्या पानावरून ठरवू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक धोका नीट समजून घ्या. संध्याकाळी पंगत आहे म्हणून गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दुपारी उपाशी राहणारे पुष्कळ आहेत. हे करू नका. साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. कापूस वेचणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना हे भर उन्हात होते आणि ऊन लागले असे समजून सोडून दिले जाते. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा, पंधरा मिनिटे थांबा, बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि मग जेवायला घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या.

कॅलरी कमी करणे सगळ्यांसाठी नाही, हेही बजावून सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांत रक्त कमी आढळले. पाचांतली सुमारे एक बाई प्रमाणापेक्षा बारीक होती. म्हणजे एकाच घरात सासूचे वजन जास्त आणि सुनेच्या अंगात रक्त नाही, असे चित्र असते. सासूचे पथ्य सुनेच्या ताटात वाढू नका. सगळ्यांचे झाल्यावर तळाला उरलेले खाणाऱ्या बाईला पथ्याची नव्हे, भरल्या ताटाची गरज आहे. तिने आधी बसावे, सगळ्यांबरोबर बसावे.

घरच्यांना शेवटी एवढेच सांगणे आहे. आईच्या हातातला लाडू चारचौघांत हिसकावून घेऊ नका. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या पंगतीत बसू दिले नाही, त्याला स्वतःच्या पंगतीत एकत्र जेवण्याचे मोल वेगळे सांगायला नको. आजारी माणसालाही त्या पंगतीत जागा हवी. त्याच्यासाठी लाडू थोडे लहान वळा, खिरीत साखर बेताची घाला, चहा सगळ्यांचाच कमी गोड करा. मंडळांनीही भोजनदानाच्या वेळी बुंदीबरोबर उसळ आणि काकडी ठेवावी, थंड पेयाऐवजी पाणी किंवा ताक द्यावे. खर्च फार वाढत नाही, पेयांचा वाचतोच.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर आणि बीपीची तपासणी सरकारी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. सणाच्या आधी जा आणि सणानंतरही जा. काय खाल्ले ते खरे सांगा. आणि तपासणाऱ्या आमच्या सर्व ताई-दादांना विनंती आहे, समोरचा माणूस "दोन लाडू खाल्ले" म्हणाला तर त्याला बोलू नका. तो आला, हे चांगले झाले. त्याला आधी बसायला सांगा आणि मग साखर तपासा.

जयभीम.