खराटा कुणाच्या हाती?

सुरत जिल्ह्यात तापीच्या काठी हरिपुरा नावाचे गाव आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच मांडवात राष्ट्रीय शिक्षणाविषयी एक ठराव संमत झाला, तो मात्र कुणाच्या फारसा स्मरणात नाही. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण सर्वांना मिळावे, ते मातृभाषेतून मिळावे आणि त्याच्या मध्यभागी एखादा उत्पादक हस्तव्यवसाय असावा, असा त्याचा आशय होता. आधीच्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या परिषदेतून ही कल्पना निघाली होती, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला आराखड्याचे रूप दिले होते. या समितीत विनोबा होते आणि काका कालेलकरही होते. ज्यांचे आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून पडले, ज्यांचा जन्म साताऱ्याचा आणि ज्यांची लेखणी बहरली ती गुजरातीत, अशा या गृहस्थांचा त्या कामात हात होता, हे आमच्या मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही घरच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

हे सारे आता उगाळण्याचे कारण असे की, त्या ठरावाचे नातवंड आज पुन्हा शाळेच्या दारात उभे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ जाऊन हाताने काही शिकावे, अशी योजना आहे. २०२४ मध्ये त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. सात वर्षांचे दहा दिवस झाले, ही चेष्टा आम्ही करणार नाही. दहा दिवस खरोखर दिले तरी ते थोडे नाहीत. मधल्या काळात कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' म्हटले, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले, आणि वेळापत्रकातला तो तास बहुधा गणिताच्या शिक्षकाने राहिलेला भाग पुरा करण्यासाठी मागून घेतला. नावे लांबत गेली, काम आखडत गेले.

आमचे भांडण नावाशी नाही. या दिवसांचे प्रत्यक्षात जे काही होते, त्याच्याशी आहे.

गेल्या वर्षी या शहरातील एका शाळेचा 'सेवा-सप्ताह' पाहण्याचा योग आला. शाळेचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण तशी दुसरी शोधायला फार हिंडावे लागत नाही. नवे कोरे खराटे आणले होते. काहींवर किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच होती. रस्त्याचा जो तुकडा झाडायचा, तो पहाटेच सफाई कामगारांनी झाडून ठेवला होता, आणि मुलांना काहीतरी झाडता यावे म्हणून मागाहून त्यावर वाळलेला पाला आणून पसरला होता. छायाचित्रे निघाली, प्रमुख पाहुणे बोलले, प्रमाणपत्रे वाटली गेली. पाला पुन्हा त्याच कामगारांनी उचलला. या तीन तासांत सातवीच्या मुलांनी काय शिकले, असे कुणी विचारील, तर उत्तर देणे भाग आहे: काम केल्याचे दिसणे म्हणजेच काम, हे ते शिकले. असला धडा देण्यापेक्षा त्यांना वर्गात बसवून त्रैराशिक करवून घेतले असते तर ते शतपटीने अधिक प्रामाणिक झाले असते.

सेवा आणि शिक्षण यांचा सांधा जुळतो तो प्रश्नापाशी. नुसता केर काढण्यात प्रश्न नाही. हा केर कोठून येतो, किती येतो, कोण टाकतो आणि तो जातो कुठे, हा प्रश्न आहे. सुरतेला हे निराळे सांगायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये, पुराच्या पाण्यानंतर, या शहरात प्लेग आला आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत हेच शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले, ते काही समारंभांनी नव्हे. अधिकार विभागांकडे वाटले गेले, अधिकारी रोज सकाळी खुर्ची सोडून रस्त्यावर जाऊ लागले, पाहिलेले नोंदवले जाऊ लागले. पाहणे, मोजणे, नोंदणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहणे, हा क्रम बारा वर्षांच्या मुलाला पूर्णपणे झेपणारा आहे. किंबहुना तो मोठ्यांपेक्षा त्यालाच अधिक साधतो, कारण त्याला अजून कंटाळण्याची सवय लागलेली नसते.

एक उदाहरण घेऊ. लिंबायतेतून मिठी खाडी वाहते. पावसाळ्यात ती फुगली की पाणी वस्तीत शिरते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तर शहराचा मोठा भाग बुडाला होता. या भागात खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे दाट वस्तीने राहतात, आणि त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. (मराठी माणूस १६६४ साली सुरतेला कशासाठी आला होता, हे इतिहासाच्या पुस्तकात आहे; आता तो कशासाठी येतो, हे यंत्रमागांच्या खडखडाटात ऐकू येते.) समजा, अशा एका शाळेच्या सातवीने वर्षभर खाडीच अभ्यासाला घेतली. पुलाच्या कठड्यावरून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, खुणा केलेल्या दोरीने पाण्याची पातळी रोज एकाच वेळी मोजली. शाळेच्या गच्चीवर सरळ कडांचे भांडे ठेवून पाऊस मोजला. दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढले. २००६ चे पाणी कुठवर चढले होते, हे गल्लीतील वडीलधाऱ्यांना विचारून भिंतींवर रेघा ओढल्या. कोणते गटार कुठे तुंबते, याचा नकाशा केला. यात सरासरी आली, प्रमाण आले, भूगोल आला, इतिहासाची तोंडी साधने आली. आणि शेवटी विभाग कार्यालयाला द्यावयाचा अर्ज लिहिताना भाषाही आली. निबंधाच्या वहीतल्या 'पावसाळ्यातील एक दिवस' पेक्षा ती खासच बरी आली असती.

हे स्वप्नरंजन आहे, असे कुणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात, आणि जे शिकतात त्याची सेवा गावाला देतात: सांधकाम, नळजोडणी, माती-पाण्याची तपासणी. गोमंतकातल्या वाचकांना तर याहून जुना दाखला देता येईल. खाजन शेतीचे बांध आणि भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारी मानस गावकीने शतकानुशतके सांभाळली. बांधावर उभा राहून पोर भरती ओळखायला शिकले, ते काही प्रमाणपत्रासाठी नव्हे. आज खाजनाकाठच्या किती शाळा आपल्या मुलांना मानशीपाशी नेतात, याचा शोध तिकडच्या मंडळींनी घ्यावा.

आता एका आक्षेपाकडे वळू. तो सर्वांत गंभीर आहे, आणि तो सधन पालकांकडून येत नाही. पालिकेच्या शाळांत शिकवणारे शिक्षक म्हणतात, 'वकीलसाहेब, आमच्या मुलांना श्रम काय शिकवता? ती घरी गेली की आईबरोबर साडीवर टिकल्या चिकटवतात, लेस लावतात, सुटे धागे कापतात. त्यांना शाळेत तरी पुस्तक मिळू द्या.' या म्हणण्यात जळते सत्य आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला लावण्यास तिने बंदी केली आणि त्याच श्वासात, शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या धोका नसलेल्या उद्योगात मदत करण्यास मोकळीक ठेवली. कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तेथे त्याने चपला काढून डोळे मिटले. ज्या शहरात एकेक खोली व्यापाऱ्याच्या साखळीची कडी आहे, तेथे 'कुटुंबाचा उद्योग' म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या मते न्यायालयापुढे यावयास हवा.

परंतु शिक्षकांच्या म्हणण्यातून जो निष्कर्ष निघतो असे त्यांना वाटते, तो निघत नाही. टिकल्या चिकटवणाऱ्या मुलीला श्रम ठाऊक आहेत. त्या श्रमाविषयी प्रश्न विचारण्याची मुभा तिला कधी मिळालेली नाही. कोऱ्या कापडापासून दुकानाच्या काचेपर्यंत साडीची किंमत कोणकोणत्या हातांत किती वाढते, हा सातवीच्या गणिताचा उत्तम पाठ आहे, आणि त्याची सामग्री तिच्या घरात पडलेली आहे. तिच्या आईला एका साडीमागे काय मिळते, हे तिला तोंडपाठ असते. ती रक्कम दुकानातल्या किमतीचा कितवा हिस्सा, हे तिला काढता आले पाहिजे. वर्ध्याच्या कल्पनेचे मर्म हे होते: हस्तव्यवसाय हा ज्ञानाचा दरवाजा व्हावा.

मात्र वर्ध्याच्या मंडळींचे एक मत आम्हाला कधीच पटलेले नाही. मुलांनी तयार केलेल्या मालातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा, हे ते मत. प्रा. के. टी. शाह यांनी तेव्हाच याविरुद्ध सूर काढला होता. शाळेतला माल बाजारात गेला की कारागिराशी त्याची स्पर्धा होणार, ही त्यांची शंका रास्त होती. आम्हाला त्याहून मोठा धोका दिसतो. ज्या शिक्षकाचे वेतन मुलाच्या सुतावर अवलंबून आहे, तो शिक्षक राहत नाही, मुकादम होतो. वकिली भाषेत याला हितसंबंधांचा विरोध म्हणतात. म्हणून कसोटी सोपी आहे. मुलाच्या कामाचा लाभ कुणाच्या पदरी पडतो ते पाहा. संस्थेच्या, ठेकेदाराच्या किंवा छायाचित्रातील पाहुण्यांच्या पदरी पडत असेल तर ती वेठ आहे, मग तिला नाव कोणतेही द्या.

वेठीचा विषय निघाला आहे, तर राज्यघटनेचे कलम २३ उघडून पाहू. त्याने वेठबिगारीला मनाई केली आहे. त्याच्याच दुसऱ्या खंडात, सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल असे म्हटले आहे; पण ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेद करता येणार नाही. शब्द नीट वाचावेत: जातीबरोबर वर्गही तेथे आहे. काटेकोर अन्वयाने हे बंधन राज्यावर आहे, खासगी शाळेवर नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी तत्त्वाला अशी कुंपणे नसतात. आज घडते काय? पालिकेच्या शाळेतील मुलांच्या दप्तराविना दिवसांत खराटा येतो आणि भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळेतील मुलांच्या त्याच दिवसांत जलक्रीडा-उद्यानाची सहल. एकाच धोरणाची ही दोन भाषांतरे आहेत. त्याहून वाईट प्रकार वर्गाच्या आत घडतो. संडास धुण्याची पाळी कोणत्या मुलांवर वारंवार येते, याची यादी कुणी आडनावांनिशी काढली तर अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७ चे काय झाले, ते कळेल. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शिक्षणात शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. ज्ञान मागितले होते. शूद्रांच्या मुलांना राबवा, असे त्यांनी म्हटले नव्हते.

'शिकवणीचा वेळ बुडतो' या सधनांच्या तक्रारीला आम्ही दोन वाक्यांहून अधिक जागा देणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ कृती, शोध आणि अन्वेषण यांच्याद्वारे शिक्षण सांगते. तो कायदा आहे, पालकसभेतली सूचना नव्हे.

तेव्हा मागणे असे आहे. सुरत महानगरपालिकेने आपल्या सर्व माध्यमांच्या शाळांतील सहावी ते आठवीच्या वर्गांना आणि त्याच प्रभागातील खासगी शाळांनाही एकत्र बांधून, वर्षाला प्रभागातील एकच खरा प्रश्न अभ्यासाला द्यावा. सफाईचे काम असेल तर पाळी चिठ्ठ्या टाकून ठरावी आणि शिक्षकांचे नावही त्या चिठ्ठ्यांत असावे. धोक्याच्या आणि मैल्याच्या कामाला मुलांचा हात लागू नये. वर्षअखेरीस मुलांचा अहवाल विभाग कार्यालयात दाखल व्हावा. प्रौढ नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला तर तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक आहे. सातवीच्या वर्गाला त्याहून अधिक थांबवण्याचे कारण नाही. अहवालावर आवक क्रमांक पडावा, आणि आलेले उत्तर, मग ते नकाराचे का असेना, त्या वर्गाच्या भिंतीवर लावले जावे.