येईनासे झालेले सभासद

1 ऑक्टोबर जवळ आला की आपल्या क्षेत्रात लगबग सुरू होते. हॉल ठरतो, पाहुणे ठरतात, शाल-श्रीफळांची ऑर्डर जाते, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शन झालेल्यांची यादी निघते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1990 साली हा ज्येष्ठांचा दिवस जाहीर केला आणि पुढच्या वर्षापासून तो पाळला जाऊ लागला. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी तो मनापासून आपलासा केला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण या महिन्यात आम्हाला त्या दिवशी हॉलमध्ये नसलेल्या माणसांविषयी बोलायचे आहे. मुद्दाम सांगायचे तर, पूर्वी येणाऱ्या आणि आता येईनाशा झालेल्या माणसांविषयी.

प्रत्येक संघाकडे हजेरीपट असतो. त्यात वर्षानुवर्षे दर बुधवारी सही करणारे एखादे नाव अचानक थांबते. पहिल्या आठवड्यात कोणी तरी विचारते, दुसऱ्या आठवड्यात “गावी गेले असतील” असे उत्तर मिळते, पुढे विचारणेही थांबते. वर्षअखेरीला वर्गणी आली नाही म्हणून नाव यादीतून कमी होते. आणि पुन्हा ते नाव कानावर येते ते बऱ्याचदा शोकसभेत. यात कोणाचा दुष्टावा नसतो. संघ चालवणारेही सत्तरीतलेच असतात, त्यांचीही गुडघेदुखी असते. तरीही आमचे ठाम मत आहे की ज्येष्ठसेवेची खरी गरज कुठे आहे, हे त्या हजेरीपटातल्या रिकाम्या चौकटी जितके नेमके सांगतात तितके कोणतेही सर्वेक्षण सांगणार नाही. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढची माणसे सुमारे 1 कोटी 11 लाख होती, आज ती बरीच जास्त आहेत. एवढ्या आकड्यासमोर उभे राहिले की कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. आपल्या यादीतून गळलेल्या पंधरा-वीस नावांपासून मात्र उद्या सुरुवात करता येते.

माणूस येईनासा का होतो, याची कारणे गृहभेटीशिवाय कळत नाहीत, कारण ती चारचौघांत सांगण्याजोगी नसतात. ऐकू कमी येते, श्रवणयंत्र शिट्टी मारते, मग हसण्याच्या वेळी सगळ्यांबरोबर उगाच हसावे लागते. त्यापेक्षा घरी बरे. लघवी धरवत नाही आणि सभागृहाजवळ स्वच्छतागृह नाही. एकदा जिन्यात पाय घसरला, हाड मोडले नाही पण धीर मोडला. पत्नीला विस्मरणाचा आजार झाला, तिला एकटीला सोडून दोन तास बाहेर पडता येत नाही. नवरा गेल्यावर आजींना वाटते की तिथे सगळी जोडपी, आपण कशाला. शहरांत अलीकडे आणखी एक कारण फार दिसते: इमारत पुनर्विकासाला गेली. चाळीस वर्षांचा शेजार एका महिन्यात पांगतो. तात्पुरत्या भाड्याच्या घरात वाणी अनोळखी, औषधवाला अनोळखी, रिक्षाचा थांबा कुठे तेही माहीत नाही. नवी इमारत उभी राहायला तीन-चार वर्षे लागतात आणि ऐंशीच्या माणसासाठी ती वर्षे फार मोठी असतात.

या प्रत्येक कारणावरचा उपाय निराळा आहे. एकाला श्रवणयंत्राची दुरुस्ती हवी, दुसऱ्याला जिना उतरताना सोबत हवी, तिसऱ्याला आठवड्यातून दोन तास पत्नीजवळ बसणारे विश्वासाचे माणूस हवे. सरसकट फळवाटपाने यातले काहीच सुटत नाही. केंद्र शासनाची 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन उपयोगी आहे, आपण तिचा क्रमांक घरोघर पोहोचवलाच पाहिजे. पण हेल्पलाइनचा उपयोग फोन उचलून मदत मागणाऱ्याला होतो. येईनासा झालेला माणूस बहुधा मागणेही सोडून बसलेला असतो. त्याच्या दारापर्यंत कोणी तरी जावेच लागते.

जायचे कोणी? आपल्याकडे उत्साहाची वाण नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास काम करायचे असते, त्यातले अनेक जण आनंदाने येतात आणि आजी-आजोबांना त्यांचा लळा लागतो. मग परीक्षा येते, सुट्टी लागते, नवी तुकडी येते. मार्च ते जुलै त्या घराची बेल वाजत नाही. गुरुवारी मुलगा येणार म्हणून सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसलेल्या माणसाला हा खंड कसा लागतो, हे समन्वयकांनी आपल्या कामाच्या केंद्रस्थानी ठेवायला हवे. आम्ही तर म्हणू, जी भेट वर्षभर चालू ठेवता येणार नाही ती सुरूच करू नये. विद्यार्थी जरूर घ्यावेत, पण एका घराला एक विद्यार्थी आणि एक स्थानिक रहिवासी अशी जोडी द्यावी. विद्यार्थी बदलला तरी दुसरा चेहरा ओळखीचा राहतो.

जपानमध्ये ‘मिन्सेइ-इइन’ नावाची स्वयंसेवकांची जुनी व्यवस्था आहे. तिचे मूळ 1917 साली ओकायामा प्रांतात सुरू झालेल्या योजनेत सापडते आणि 1948च्या कायद्याने तिला आजचे रूप मिळाले. हे लोक पगार घेत नाहीत, तीन वर्षांसाठी नेमले जातात, त्यांना घरांची ठरावीक हद्द दिलेली असते आणि घरात कळलेली गोष्ट बाहेर न बोलण्याचे बंधन त्यांच्यावर कायद्याने असते. त्यांच्यापुढेही अडचणी आहेत, स्वयंसेवक स्वतःच म्हातारे होत चालले आहेत आणि नवे मिळेनात. पण हद्द ठरवण्याची त्यांची रीत आपण बिनदिक्कत उचलावी. “आपल्या भागातले सगळे ज्येष्ठ” अशी जबाबदारी कोणाचीच नसते. “या गल्लीतली ही आठ घरे” ही एका माणसाची होते.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे. केरळात कोळिकोडला 1993 साली वेदनाशामक उपचारांचे केंद्र सुरू झाले आणि काही वर्षांत मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांनीच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची काळजी घेण्याचे जाळे उभे केले. स्वयंसेवकांना 16 तासांचे वर्ग आणि 4 दिवस अनुभवी पथकाबरोबर गृहभेटी, एवढे शिक्षण दिले जाई. पैसा मुख्यतः गावातल्या छोट्या देणग्यांतून येई. 2008 मध्ये राज्य सरकारने या कामाचे धोरण केले आणि पंचायतींमार्फत परिचारिका नेमल्या जाऊ लागल्या. मलप्पुरमची गोष्ट आपण भाषणांत शेजारधर्माचे उदाहरण म्हणून सांगतो आणि त्यातला महत्त्वाचा भाग गाळतो: त्या शेजाऱ्यांच्या पाठीशी पगारी, प्रशिक्षित परिचारिका होती. आपल्याकडे देणगीदार चाकाच्या खुर्चीला पैसे देतात, तिच्यावर नाव रंगवता येते. समन्वयकाच्या मानधनाचा विषय काढला की “हे तर सेवाकार्य आहे ना?” असा प्रश्न येतो. होय, सेवाकार्यच आहे. पण कोणाची पाळी चुकली, कोणाच्या घरी काय बिघडले, दवाखान्यात कोणाला पाठवायचे, हे रोज बघणारा एक माणूस नसेल तर चाळीस स्वयंसेवक सहा महिन्यांत पांगतात. संस्थेच्या अंदाजपत्रकातला पहिला खर्च हाच असावा.

आता भेटीत करायचे काय, याविषयी. इथे आपल्या सज्जनपणाचाच धोका आहे. आजी भाजी निवडत असतात, स्वयंसेविका म्हणते, “द्या इकडे, मी करते.” आजोबा बँकेत जायला निघतात, तरुण म्हणतो, “तुम्ही बसा काका, मी आणतो.” दर भेटीत अशी एकेक गोष्ट हातातून जाते आणि वर्षभरात तो माणूस पूर्वीपेक्षा जास्त परावलंबी होतो. किराणा आणून देण्यापेक्षा वाण्यापर्यंत बरोबर चालत जाणे वेळखाऊ आहे, पण त्यात पायांना काम मिळते, हिशेब डोक्यात राहतो आणि वाटेत चार माणसे “बरेच दिवसांनी दिसलात” म्हणतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची घाई असेल. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मोबाइल त्यांच्याच हातात ठेवा, बटण त्यांनाच दाबू द्या, तीनदा चुकले तरी चालेल. फसवणुकीचे फोन ज्या प्रमाणात येत आहेत ते पाहता, आपला ओटीपी स्वयंसेवकालाही सांगायचा नाही, हे स्वयंसेवकानेच पहिल्या भेटीत सांगितले पाहिजे. एटीएम कार्डाला हात लावायचा नाही, सही केलेला कोरा चेक घ्यायचा नाही, मृत्युपत्राच्या बोलण्यात पडायचे नाही. हे नियम लेखी असावेत आणि घरच्यांनाही दाखवावेत. त्याने स्वयंसेवकाचेही रक्षण होते.

घराबाहेर पडू न शकणारा माणूस फक्त घेणाराच असतो, हा समजही सोडू या. निवृत्त बँक कर्मचाऱ्याला व्याजावरची करकपात टाळण्यासाठी बँकेत द्यायचा फॉर्म डोळे मिटून भरता येतो. तो पाचजणांचे फॉर्म घरी बसून तपासून देईल. गुडघ्यांमुळे अडकलेल्या शिक्षिका रोज सकाळी चार घरी फोन करून विचारपूस करतील, आणि एखादा फोन उचलला गेला नाही तर समन्वयकाला कळवतील. त्यांना हे काम हवेच असते, फक्त आजवर कोणी मागितलेले नसते.

या महिन्यात आमची प्रत्येक संघाला आणि संस्थेला एकच विनंती आहे. कार्यक्रमाच्या तयारीतून एक संध्याकाळ काढा, गेल्या वर्षभराचे हजेरीपट समोर घ्या आणि सहा महिने सही नसलेली नावे एका कागदावर लिहा. प्रत्येक नावापुढे भेटीला जाणाऱ्या दोघांची नावे आणि वार लिहा. 1 ऑक्टोबरच्या निमंत्रणपत्रिका टपालाने पाठवू नका, त्या या घरांत हाताने द्या आणि येण्याजाण्याची सोय काय लागेल ते तिथेच विचारा. काय कळले, काय जमले, कुठे अडले, ते आम्हाला लिहून पाठवा. डिसेंबरच्या अंकातली पाने आम्ही त्यासाठी राखून ठेवली आहेत.