घसरणाऱ्या गाडीचा तोल



दिवाळीच्या सुट्टीत औसा तालुक्यातील किल्लारी येथे आमच्या थोरल्या मामांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही. मुका मार लागला आणि तो महिनाभरात बराही झाला. मनात बसलेली धास्ती मात्र निघाली नाही. घरातील माणसेही धास्तावली. मामा खुर्चीतून उठू लागले की सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "आबा, उठू नका. काय पाहिजे ते मी आणून देते." प्रेमाचाच शब्द तो, परंतु चार महिन्यांत मामांच्या मांड्या रोडावल्या आणि दोन पावले टाकायचीही त्यांना भीती वाटू लागली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, याच माणसाच्या पायाखालची जमीन हलली होती. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून गाव झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी त्या काळची घरे माणसांवरच कोसळली. त्या ढिगाऱ्यातून सावरून मामांनी नव्या गावठाणात संसार पुन्हा उभा केला. असा माणूस एका ओल्या फरशीला भिऊन बसला होता. मला वाईट वाटले. नवल मात्र वाटले नाही. एकदा आधार सुटल्याचा अनुभव शरीर सहजी विसरत नाही.

त्याच सुमारास पुण्यात शिकणारा नातू सुट्टीवर आला. त्याच्यासोबत हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी एक मोटार होती. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची ही मोटार 'ड्रिफ्टिंग'साठी, म्हणजे घसरत घसरत वळण घेण्यासाठी, बनवलेली होती. अंगणात सोडताच ती थोडी पुढे जाई आणि गरकन फिरून उलट्या तोंडाने थांबे. सकाळभर हेच चालले. शेतावरच्या विजेच्या मोटारी आयुष्यभर स्वतः उघडून दुरुस्त करणारे मामा खुर्चीतून पाहत होते. अखेर त्यांना राहवले नाही. "अरे, ही नुसती गिरकी घ्यायलीय. इकडं आण बघू."

त्या दोन दिवसांत आजोबा-नातवाने जी जुळवाजुळव केली, ती आज आपल्यापुढे मांडतो. बसल्या जागी करता येण्याजोगा हा छंद आहे, आणि तोलाविषयी त्याने मला जे शिकवले ते आपल्या घरीही उपयोगी पडावे.

घसरणे म्हणजे पडणे नव्हे

ड्रिफ्टिंगचे कसब जपानमध्ये वाढले. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने ते गाजवले आणि पुढे केइची त्सुचिया यांनी लोकप्रिय केले. गाडीची मागची चाके जाणूनबुजून घसरू द्यायची, पुढची चाके मात्र घसरणीच्या दिशेला वळवून तोल राखायचा, असे त्याचे सार. मागचा भाग डावीकडे निघाला तर पुढची चाकेही डावीकडे वळली पाहिजेत. हे उलट वळवणे वेळेवर झाले तर गाडी डौलाने तिरकी जाते. उशिरा झाले तर गिरकी खाते.

गाडीची जुळवणी

पहिली गोष्ट टायर आणि जमीन. रबरी टायर जमिनीला घट्ट धरतात; ड्रिफ्टिंगला कडक प्लास्टिकचे टायर लागतात. पूर्वी हौशी मंडळी त्यासाठी पीव्हीसी पाइपाची कडी कापून चाकांवर बसवीत. नातवाच्या खोक्यात कडक टायर होते, परंतु रबरी टायर उतरवलेलेच नव्हते. ते बदलले आणि गाडी खडबडीत अंगणातून बैठकीतल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर आणली. चारही टायर एकाच प्रकारचे नि एकसारखे झिजलेले असावेत, तसेच पुसून स्वच्छ ठेवावेत.

दुसरी गोष्ट पुढची चाके. ड्रिफ्टच्या गाडीत ती साध्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक वळावी लागतात. रिमोटचे चाक मध्यावर असताना पुढची चाके अगदी सरळ हवीत. नंतर डावीकडे आणि उजवीकडे ती सारखीच वळतात का, वळताना कशाला घासतात का, हे पाहावे. मामांनी चष्मा सावरत दोन्ही बाजूंचे अंतर काडीने मोजले. उजवीकडे चाक कमी वळत होते; दांडीचा छोटा आटा फिरवून ते सारखे केले.

तिसरी गोष्ट मागची चाके. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरावीत म्हणून मागचा डिफरन्शिअल बहुधा जाम केलेला असतो. एक चाक हाताने फिरवले की दुसरेही त्याच दिशेला फिरले पाहिजे. शॉकअप डाव्या-उजव्या बाजूस सारखे असावेत. गाडी दाबून सोडली की ती सावकाश, न उसळता वर यावी.

चौथी गोष्ट, जिथे खरी मेख होती, ती म्हणजे जायरो. काडेपेटीहूनही लहान अशी ही डबी गाडीचे फिरणे ओळखते आणि माणसाच्या आधीच पुढची चाके घसरणीच्या दिशेला वळवते. मामांनी गाडी चालू स्थितीत हातात अधांतरी धरली आणि तिची शेपूट झटकन डावीकडे फिरवली. पुढची चाके डावीकडे वळायला हवी होती. ती उजवीकडे वळली. "बघ, सावरायच्या ऐवजी ही ढकलायलीय." जायरोची दिशा उलटी लावलेली होती. एक बटण बदलले आणि सकाळभराची गिरकी थांबली.

आता जायरोचा जोर ठरवायचा होता. नातवाने उत्साहाने तो पुरता वाढवला. गाडी सुटली, परंतु पुढची चाके थरथरू लागली. ती धड सरळ जाईना, धड वळेना. मामा म्हणाले, "लई धाक दाखवायलास तिला. थोडं सैल सोड." जोर हळूहळू कमी करत आणला. चाकांची थरथर जिथे थांबली, तिथेच तो ठेवला.

मग बैठकीच्या मधोमध रिकामा डबा ठेवून त्याभोवती गोल फिरवण्याचा सराव सुरू झाला. हीच पहिली पायरी. ट्रिगर एकदम न दाबता बोटाने थोडा थोडा दाबायचा आणि दुसऱ्या हाताने रिमोटचे छोटे चाक फिरवायचे. दोन्ही हातांना वेगवेगळे काम आणि डोळ्यांना हलत्या वस्तूचा माग. मामा खुर्चीतच होते. चेहऱ्यावरचा कंटाळा मात्र पार गेला होता.

आपल्या शरीरातील जायरो

वाचकहो, आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव डोके फिरले की हलतो आणि त्याची वार्ता मेंदूला जाते. डोळे, तसेच तळपाय आणि सांधे, हेही आपापली वार्ता पाठवतात. या सर्वांवरून मेंदू क्षणोक्षणी स्नायूंना लहानलहान दुरुस्त्या करायला लावतो. आपण स्थिर उभे आहोत असे वाटते तेव्हाही शरीर किंचित डोलत आणि सावरत असते. तोल म्हणजे न हलणे नव्हे; हलता हलता वेळेवर सावरणे होय.

वयोमानानुसार या साऱ्या वार्ता मंदावतात. मोतीबिंदू, मधुमेहामुळे बधिर झालेले तळपाय, उभे राहताच खाली येणारा रक्तदाब, झोपेची किंवा रक्तदाबाची काही औषधे यांनी त्यात भर पडते. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत जगभरात पडण्याचा क्रमांक दुसरा आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा कुटुंबाची काळजी अनाठायी नाही.

परंतु काळजीचा जोरही जायरोसारखाच बेताचा हवा. पडण्याच्या भीतीने माणूस चालणे सोडतो. चालणे सोडल्याने स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायूंमुळे पडण्याचा धोका वाढतो. "उठू नका" या दोन शब्दांनी हे चक्र नकळत फिरत राहते. त्याऐवजी "थांबा, मी शेजारी उभी राहते, तुम्ही उठा" असे म्हणावे. पकड सोडायची नाही, सैल करायची.

खुर्चीच्या हातांना धरून सावकाश उठणे आणि बसणे, हा साधा व्यायाम रोज थोडा थोडा, कोणी जवळ असताना करावा. चक्कर येत असेल, नुकतेच पडणे झाले असेल किंवा औषधे बदलली असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

काही दक्षता

गाडीला हवी असणारी गुळगुळीत जमीन आपल्या पायांना घातक असते, हे विसरू नये. गाडी अधिक घसरावी म्हणून फरशीवर कॅरमची पावडर मुळीच टाकू नये. गाडी सुरू असताना खोलीत कोणी चालू नये. ज्येष्ठांनी बसूनच खेळावे. गाडी उचलण्यासाठी एकदम वाकून एकदम उठू नये, त्याने घेरी येते.

या गाड्यांतील लिथियम बॅटरी फुगली असेल तर वापरू नये. तिच्यासाठी असलेल्या चार्जरनेच, फरशीवर किंवा विटेवर ठेवून, कोणी जागे असताना ती चार्ज करावी. रात्री लावून झोपू नये. मोटारीत चुंबक असतो, म्हणून हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी गाडी छातीपासून वीतभर तरी दूर ठेवावी आणि छंद सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी, खाली न सरकणारी खरखरीत चटई आणि रात्री वाटेवर मंद दिवा, एवढे तर प्रत्येक घरी हवेच.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी दिवाणाच्या पायाशी अडकली. नातू अंगणात होता. मामांनी रिमोट बाजूला ठेवला, खुर्चीचे हात धरले आणि ते उठले. सूनबाई दारापर्यंत आल्या होत्या. ओठांवर आलेले शब्द त्यांनी आवरले आणि नुसत्या पुढे येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मामा भिंतीच्या आधाराने चार पावले गेले, पायाने गाडी मोकळी केली आणि परत आले. बसल्यावर त्यांना धाप लागली होती. सूनबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

खेळण्यातल्या गाडीने दुखणे बरे होत नाही, हे मी जाणतो. मामांना अजून काठी लागते आणि न्हाणीघरात जाताना ते अजूनही दाराशी क्षणभर थबकतात. पण आता रोज सायंकाळी ते बैठकीत चार फेऱ्या मारतात आणि सूनबाई त्यांच्या बरोबरीने चालतात.

आपल्या घरी कोणी खुर्चीत बसून राहिले असेल, तर आज त्यांच्यासमोर हात पुढे करा. उचलण्यासाठी नव्हे, उठताना जवळ असावा म्हणून.